गुळगुळीत बाप

कंडक्टरनं कोकिळेच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लेकरू केवढं हाय, बाई?"

"लेकरू नाही," कोकिळा म्हणाली. "सासरे हायेत."

त्यानंतर जानेफळ येईपर्यंत कंडक्टर त्या सीटकडे फिरकला नाही.

गाठोड्यात पुंजाजींचा फोटो होता. दीड हात उंच, काचेच्या फ्रेमीतला, कोकिळेच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. पुंजाजींना जाऊन आज वर्ष पुरं होत होतं आणि वर्षश्राद्धाला हा फोटो ओसरीच्या भिंतीवर लागायचा होता. खिडकीशी सहदेव बसला होता, पुंजाजींचा धाकटा लेक आणि फोटोचा कर्ता. पायाशी रंगांची पत्र्याची पेटी, सदऱ्याच्या खिशात थोरल्या भावाचं पोस्टकार्ड. ते इतक्यांदा वाचून झालं होतं की घडीवर फाटायला आलं होतं.

"चि. सहदेव यास आशीर्वाद. बाबांच्या वर्षश्राद्धास फोटो घेऊन यावे. फोटोत मला बाबा दिसले तर दुकान खुशाल चालवावे. न दिसल्यास दुकानास कुलूप लावून मृगाच्या आधी बिऱ्हाडासह जानेफळास राहावयास यावे. तुझ्या वाटणीचे वखर मी किती दिवस हाकू. कळावे. भगवान."

सहदेवला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती शेवटच्या "कळावे"ची. भगवानरावांनी "कळावे" म्हटलं की पुढच्याला ते कळायचंच.

"पोळ्याले भांडण झालं तेव्हाच हो म्हणून टाकाले पायजे होतं तुम्ही," कोकिळा म्हणाली. "तेव्हा नुसतं वखरच होतं. आता बापाचं तोंड मधात आलं."

"तुले वाटत नाही का हे बाबा हायेत म्हणून?"

कोकिळेनं गाठोडं जरा सावरलं. "मी त्यायच्यासमोर कधी मान वर केली होती? मले त्यायचे पाय ओळखू येतात. पाय काढले का तुम्ही?"

पाय काढले नव्हते. फोटो गुडघ्यापर्यंतच होता.

चिखलीच्या बाजारात 'कोकिळा फोटो स्टुडिओ' उघडून सात वर्षं झाली होती. बायकोचं नाव दुकानाला दिलं म्हणून घरात जे झालं ते झालं. पण पाटीवर त्या नावापेक्षाही मोठा शब्द होता 'आर्टिस्ट', आणि तो कोणाला उद्देशून आहे याविषयी सहदेवनं शंका ठेवली नव्हती. त्याची सुरुवात बैलबंड्यांवर मालकांची नावं रंगवण्यापासून झाली. मग सरकीच्या दुकानांच्या पाट्या, मग नाटकाचे पडदे. मग तो अकोल्याला एका म्हाताऱ्या उस्तादाकडे तीन वर्षं राहिला आणि तिथं त्याला समजलं की फोटो हा कॅमेऱ्यात फक्त सुरू होतो, संपतो तो पेन्सिलीखाली. पेन्सिल सँडपेपरवर घासून सुईसारखी करायची, निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर धरायची आणि माणसाच्या तोंडावर देवानं घाईत जे सोडून दिलं ते बारीक ठिपक्यांनी भरत बसायचं.

यातून सहदेवचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं आणि गिऱ्हाइकाला ते ऐकूनच घ्यावं लागे, कारण तोवर त्याची मान सहदेवच्या हातात असे.

"कॅमेरा चुगलखोर असते," तो हनुवटी वर करत सांगायचा. "जे दिसलं ते सांगून मोकळा. आर्टिस्टनं ते पोटात घालाचं असते. तुम्ही कसे दिसता ते तुम्हाले माहीत हाय, त्याच्यासाठी तुम्ही चिखलीले येत नाही. जे राहून गेलं, ते घ्याले येता."

आणि तो ते द्यायचा. टकलाला केस, नवरीला कानातले झुबे, मिटल्या डोळ्यांनी खाटेवर काढलेल्या मयताला उघडे डोळे. जन्मभर नवऱ्यापासून दूर राहिलेली एक बाई नवरा वारल्यावर एकटीचाच फोटो घेऊन आली, तिला त्यानं नवऱ्याशेजारी बसवून दिलं. बाई फोटोकडे पाहून म्हणाली, जरा दूर बसवा. त्यानं दोन बोटं दूर बसवलं.

फक्त स्वतःचा बाप त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसला नाही. पुंजाजी कॅमेऱ्याला भ्यायचे, फोटोनं आयुष्य कमी होतं असं मानायचे. निदान सहदेव सगळ्यांना तसं सांगायचा. त्यांचा एकच फोटो होता, सोसायटीच्या उद्घाटनाचा, चाळीस माणसांतला. तिसऱ्या रांगेत तुरीच्या दाण्याएवढं तोंड, त्यावर फेट्याची सावली. सहदेवनं तो दाणा मोठा केला तेव्हा हाती आला तो एक फेटा, एक अंधार आणि मिशीचा अंदाज. बाकीचा बाप त्यानं चार महिने बसून ब्रशनं केला होता. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत चांगलं काम होतं आणि ते नापास झालं तर पाटीवरचा शब्द त्याला स्वतःच्याच हातानं पुसावा लागणार होता.

*

विमलबाई, म्हणजे थोरली सून, सकाळपासून उडदाचे वडे तळत होत्या आणि त्यांच्या मनात एक गोष्ट होती जी त्यांनी तेलालासुद्धा कळू दिली नव्हती. कोकिळा इथं राहायला येता कामा नये.

तसं कोकिळेशी त्यांचं वाकडं नव्हतं. वर्षातून चार दिवस कोकिळा त्यांना फार आवडायची. पण एका चुलीवर दोन सुना म्हणजे काय हे त्यांनी माहेरी आईच्या आणि काकूच्या जन्मभराच्या अबोल्यात पाहिलं होतं. शिवाय कोकिळा वरणात गूळ घालायची. दिराचं दुकान चालू राहावं म्हणून नवऱ्याच्या विरोधात जायची त्यांची तयारी होती. मात्र ते नवऱ्याला न कळता.

म्हणून ओसरीवर सगळे जमले, सहदेवनं फोटो खांबाला टेकवला आणि लुगड्याची गाठ सोडायला घेतली, तेव्हा विमलबाई पिठाच्या हातानं धावत आल्या आणि ओरडल्या, "अगबाई! मामंजीच!"

"वैनी," सहदेव हळूच म्हणाला, "अजून फेटाच दिसून राह्यला."

"मले फेट्यावरूनच ओळखू आले," विमलबाई म्हणाल्या आणि ठामपणे तिथंच उभ्या राहिल्या.

लुगडं निघालं. पुंजाजी खुर्चीत बसले होते. पांढरा फेटा, काळा कोट, झुपकेदार मिशी, पितळी मुठीच्या काठीवर दोन्ही हात. मागे महिरपीचा खांब, एक कुंडी आणि लांबवर तळं. जानेफळात कोणी कधी न पाहिलेलं तळं. चेहरा भरलेला, तजेलदार, रंग केतकीचा. नजर अशी शांत की समोरच्याला उगाच आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटावं.

"देखणा हाय," केसरबाई म्हणाल्या. केसरबाई ही पुंजाजींची बहीण, सहदेवची आत्या, हिवरा आश्रमाहून मुद्दाम आलेली. "आमचा दादा असाच होता."

"आत्या, बाबा काळे होते," भगवानराव म्हणाले.

"उन्हानं झाला होता. मुळात गोराच."

केसरबाईंना फोटोविषयी जपून बोलावं लागत होतं. त्यांच्या धाकट्या लेकीचा दाखवायचा फोटो सहदेवनंच केला होता आणि त्या फोटोवर देऊळगावचा जावई मिळाला होता. जावयाला लग्नात थोडा वेळ लागला ओळखायला, पण तो भला माणूस, सवयीनं रुळला. सहदेवची कला आज खोटी ठरली असती तर केसरबाईंच्या घरातलं एक लग्नसुद्धा पाठोपाठ खोटं ठरलं असतं.

"मी सांगतो काय हाय ते," रामराव काका बाजेवरून उठले. पुंजाजींचे हे धाकटे भाऊ, आणि सहदेवच्या कलेचे जाहीर वैरी. "हा पोरगा माणसाले माणूस ठेवत नाही! सरपंचाच्या निवडणुकीले मी याच्याकडून फोटो करून घेतला. पत्रकावर छापला, गावभर वाटला. लोक म्हणे रामराव कुठी हाय बे, हा कोणता पोट्टा उभा राह्यला? सुरकुती नाही, काही नाही! एकवीस मतानं पडलो म्या माह्या स्वतःच्या फोटोकडून!"

"काका, तुम्हीच म्हणाले होते, जरा तरणा कर."

"जरा म्हणलो होतो बे! मिसरूड फुटाच्या आधीचा कर नाही म्हणलो!"

काका तावातावानं फोटोजवळ गेले, चष्मा वर ढकलला आणि चुका शोधायला खाली वाकले. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग हळूहळू ताठ झाले आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"सहदेव. ही काठी कोणाची हाय?"

सहदेवनंही वाकून पाहिलं. चार महिने तो चेहऱ्याशी झगडला होता. काठीकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

"ते... स्टुडिओतलं हाय काका. अंग तयार असते आमच्याकडे."

"तयार असते म्हणजे?"

मग सगळं सांगावं लागलं. ज्या मयतांचा नुसता चेहराच मिळतो त्यांना बसवायला एक चांगलं अंग लागतं. कोट बसलेला, खांदे रुंद, हात जागच्या जागी. असं अंग सगळ्यांचं नसतं. सहदेवकडे एका गिऱ्हाइकाची उत्तम निगेटिव्ह होती, आणि त्या एका अंगावर आजवर चिखली तालुक्यातले सोळा मयत बसले होते. त्यात एक मारवाडी होता आणि एक निवृत्त हवालदार.

"अंग कोणाचं?" भगवानरावांनी विचारलं.

सहदेव फोटोतल्या तळ्याकडे पाहत म्हणाला, "अर्जुनरावचं."

अर्जुनराव म्हणजे बांधाशेजारचा. त्याच्याशी पुंजाजी एका हातभर बांधासाठी अकरा वर्षं मेहकरच्या कोर्टात भांडले होते. हीच पितळी मुठीची काठी उगारून अर्जुनराव बांधावर उभा राहायचा आणि पुंजाजी त्याच्यासमोर विळा घेऊन. मरताना पुंजाजींचं शेवटचं वाक्य देवाला उद्देशून नव्हतं, ते अर्जुनरावच्या निंबाच्या सावलीविषयी होतं.

"अकरा वर्षं," भगवानराव म्हणाले, "अकरा वर्षं बाबा ज्याच्या अंगावर धावून गेले, त्याच्याच अंगावर तू त्यायले बसवलं?"

केसरबाईंनी तोंडाला पदर लावला. विमलबाईंना वाटलं, संपलं, आता उद्यापासून वरणात गूळ. आणि तेवढ्यात रामराव काका हसायला लागले. आधी खोकल्यासारखं, मग बाजेवर बसून मांडी थोपटत.

"भगवान, अरे पाह्य तं खरी! काठी कोणाच्या हातात हाय? दादाच्या! कोट कोणाच्या अंगावर? दादाच्या! सगळं काढून घेतलं रे दादानं त्याचं! कोर्टात जे नाही झालं ते या पोट्ट्यानं केलं!" त्यांनी डोळे पुसले. "खबरदार काठी पुसशील तं सहदेव. राहू दे. अर्जुनराव लेकीकडून आला की मी स्वतः त्याले चहाले बोलावतो."

अशा रीतीनं सहदेवचा जुना वैरी त्याच्या बाजूला आला, आणि एवढा जोरात आला की भगवानराव ओसरीवर एकटे उरले.

*

भगवानरावांनी सगळ्यांकडे पाहिलं. बायको फितूर आहे हे त्यांना फेट्यापाशीच कळलं होतं. आत्याचं कारण ठाऊक होतं. काकांचं तर काय, त्यांना दुसऱ्याची फजिती दाखवली की ते कुठंही मत देतात.

"ठीक हाय," ते म्हणाले. "काठी अर्जुनरावची. कोट अर्जुनरावचा. तळं कोणाचं ते माहीत नाही. हा जो चेहरा हाय, तो अर्धा सावलीतून काढला, अर्धा याच्या मनातून. मंग मले सांगा, याच्यात आपला बाप कुठी हाय?"

"भाऊ, कला म्हणजे—"

"कला मले नको सांगू. मले बाप दाखव. मायले बोलवा."

रुखमाबाई मागच्या अंगणात पत्रावळी पुसत बसल्या होत्या. श्राद्धाच्या गडबडीत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला काही सांगितलं नव्हतं. त्या आल्या, खांबासमोर बसल्या, फोटोकडे नीट पाहिलं. डावीकडून पाहिलं. जरा मागं सरून पाहिलं.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "कोण हाय?"

सहदेवला आपल्या पाठीतून काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. काकांचं हसू तोंडातच राहिलं. विमलबाईंनी "मामंजी, मामंजी" असं ओठानं सुचवून पाहिलं, पण सासूबाई तिकडे बघत नव्हत्या.

"माय, बाबा हायेत हे."

"हो का?" त्यांनी पुन्हा पाहिलं, नव्या माणसाशी ओळख करून दिल्यावर पाहतात तसं. "फेटा तसाच हाय. मिशी तशीच हाय. पण असा गुळगुळीत माणूस माह्या घरात कधी नोहोता बाबा. त्यायचे देवीचे वण कुठी गेले?"

पुंजाजींच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी देवी आल्या, गावातली नऊ पोरं गेली, पुंजाजी राहिले, आणि चेहरा कोंबड्यांनी टोचलेल्या अंगणासारखा झाला. घरात हे कोणी कधी बोलून दाखवत नसे. आत्ता रुखमाबाईंनी म्हटल्यावर मात्र सगळ्यांना एकदम दिसलं की फोटोत काय नाही.

"ते मी काढले, माय," सहदेव म्हणाला. "मुद्दाम काढले. वण कोणी भिंतीवर लावते का? लोकायचे मी एवढे काढतो, मंग माह्या बापाचे ठेवू?"

"म्हणून तं ते तुह्यासमोर बसले नाही."

"ते कॅमेऱ्याले भ्यायचे."

"कोण म्हणते?" रुखमाबाईंनी धाकट्या लेकाकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या, पण आवाजात वर्षभर साठलेलं काहीतरी होतं. "सोसायटीच्या फोटोत बसले तेव्हा नाही भेले ते. तुह्या दुकानात गेले होते ना चिखलीले? नवं धोतर नेसून? तुह्या स्टुलावर बसले. आन् तुले म्हणले, सहदेव, वण येतीन का रे फोटोत? तू काय म्हणला?"

सहदेवला स्टूल आठवलं. दुपार आठवली. किती आनंदानं आपण बोललो तेही आठवलं. आतापर्यंत त्याला ती आठवण चांगली वाटायची.

"म्हणलो, काळजी करू नका बाबा," तो म्हणाला. "एकही ठेवत नाही."

"हाव. ते उठून आले. घरी येऊन मले म्हणे, याच तोंडानं मी पोराचं पोट भरलं, याच तोंडानं त्याच्यासाठी मुली पाह्यल्या. त्याले ते नको हाय तं मंग त्यानं दुसऱ्या कोणाचा काढावा." रुखमाबाईंनी फोटोकडे हात केला. "तू काढला दुसऱ्या कोणाचा."

सहदेव खाली बसला. त्याचं सगळं तत्त्वज्ञान पोटात घालण्याचं होतं, आणि बाप त्याच्याकडे एवढंच मागायला आला होता की मला पोटात घालू नको, आहे तसा राहू दे. बापानं ते सरळ सांगितलं नाही, कारण पुंजाजी सरळ फक्त कोर्टात बोलायचे. आणि आपण मात्र गावभर सांगत राहिलो, बाबा भित्रे होते. त्याला फार लाज वाटली.

"झालं तं मंग," भगवानराव म्हणाले. त्यांना वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. "मृगाच्या आधी या. मी वखर सारखं करून ठेवतो." आणि ते चपला घालून अंगणात निघून गेले.

कोकिळा तेव्हापासून दाराच्या आड उभी होती. दिरासासऱ्यांसमोर ती बोलत नसे. आता ती पुढे आली, रंगांची पत्र्याची पेटी उचलली, नवऱ्यासमोर आणून आपटली आणि म्हणाली, "बसून काय राह्यले? ठेवा ना वण जागेवर."

*

फ्रेमीचे खिळे निघाले, काच बाजूला झाली. सहदेवनं वाटीत पाणी घेतलं, रंग कालवला आणि ब्रश ओठात धरून टोकदार केला. त्यानं जन्मभर वण बुजवले होते, पाडला एकही नव्हता.

"एक काळा ठिपका, आन् कडेले पांढऱ्याची बारीक रेघ," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे खळगा दिसते."

"नाकापासून सुरू कर," काका म्हणाले. "नाकाच्या शेंड्यावर तीन."

"शेंड्यावर एकही नोहोता," केसरबाई म्हणाल्या. "माह्या भावाचं नाक साफ होतं."

"तू सासरी गेली तेव्हाच विसरली सगळं!" काका म्हणाले.

"मी विसरले? मीच तं त्याच्या अंगाले निंबाचा पाला फिरवला! कपाळावर काढ रे, कपाळावर दाट होते."

"कपाळ फेट्यात हाय!"

विमलबाईंनी जाहीर केलं की वडे गार होत आहेत, आणि लगेच, सासऱ्यांच्या हनुवटीवर एक मोठा होता, मी चहा देताना पाहिला आहे. मग एवढ्या वर्षांत सुनेनं मान वर केलीच कशी, यावर केसरबाईंनी दोन वाक्यं घेतली.

"गप बसा सारे," रुखमाबाई म्हणाल्या.

त्या उठून सहदेवच्या समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. त्यांनी डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट लेकाच्या गालावर ठेवलं.

"अथी एक. मोठा."

सहदेवनं फोटोच्या गालावर ठिपका दिला.

"आई, बाजू चुकली," कोकिळा म्हणाली. "तुमचं बोट यायच्या डाव्या गालावर हाय. फोटोचा डावा तिकडे येते."

सहदेवनं कापसानं ठिपका पुसला आणि दुसऱ्या गालावर दिला. रुखमाबाईंचं बोट पुढे सरकलं. "त्याच्या खाली दोन, जोडीनं. एक लहान. अथी काही नाही, इथं ते दाढी करताना कापून घ्यायचे. अथी एक, याच्यात घाम साचे." बोट कुठंही अडलं नाही, मागं आलं नाही. डोळ्याच्या कडेला त्या जरा थांबल्या. "हा शेवटला. हसले की हा मिटे."

काका चष्मा पुसत बसले. रुखमाबाईंनी पन्नास वर्षांत नवऱ्याच्या गालाविषयी कोणाकडे एक शब्द काढला नव्हता, आणि आता भरल्या ओसरीवर त्या तो सगळा गाल बोटानं वाचून दाखवत होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले ते बरंच केलं. बघणाऱ्यांनाच थोडं संकोचल्यासारखं झालं होतं.

सहदेव ठिपका आणि रेघ, ठिपका आणि रेघ करत गेला. वण वाढत गेले तसा केतकीचा रंग खोटा दिसायला लागला, म्हणून त्यानं तो आपणहून काळवंडला. मग ती शांत नजर त्या चेहऱ्याला शोभेना, तेव्हा त्यानं डोळ्यांवर अर्धी पापणी ओढली, उन्हात बांधाकडे बघताना ओढली जायची तशी. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

*

भगवानराव गोठ्यापाशी उभे होते. पोस्टकार्डावर त्यांनी वखर लिहिलं होतं, पण वखराचं काही नव्हतं. वखर सालदार गडीही हाकत होता. बाप गेल्यापासून त्यांना कोणी रागवत नव्हतं. वखराची पाळी उशिरा घातली तरी नाही, बैल चुकीचा घेतला तरी नाही. सगळे "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचे. बेचाळिसाव्या वर्षी हा माणूस एकाएकी घरातला सर्वांत मोठा झाला होता आणि त्याला ते अजिबात आवडलं नव्हतं. धाकटा निदान भांडला असता. पण "मला करमत नाही, तू ये" असं पोस्टकार्डावर लिहिता येत नाही, ते पोस्टमनही वाचतो.

त्यांनी बिडी पेटवली आणि मनाशी वाक्य जुळवलं. कला कला म्हणून झालं, आता चल. मग दोन झुरके मारून ते तसेच बिडी ओढत ओसरीकडे निघाले. गेलं वर्षभर ते ओसरीवर बिडी ओढत होते. बापासमोर कधी ओढली नव्हती, आता अडवणारं कोणी नव्हतं.

"सहदेव," पायरी चढताना ते म्हणाले, "कला कला म्हणून—"

फोटो खांबाला टेकवून ठेवला होता, बिनकाचेचा, ओला. भगवानरावांचं त्याच्याकडे लक्ष गेलं मात्र, त्यांची पाठ ताठ झाली, वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि बिडीचा हात सरकन पाठीमागं गेला.

विमलबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. धूर मात्र भगवानरावांच्या खांद्यावरून वर यायला लागला, कानामागून, सगळ्यांना दिसेल असा.

"काऊन रे भगवान," रुखमाबाई म्हणाल्या, "पाठीमागं काय लपवून राह्यला?"

"काही नाही, माय," भगवानराव म्हणाले. बोट भाजायला लागलं होतं, पण त्यांच्यानं हात पुढे आणवेना.